शेळके, के. आर. — पाहा : इंगळे, एम. ए.

९ जानेवारी ८३, अंतरवाली सराटी

पेपर छापून आला. पोष्टमन दारात आणि माझे हात राखेनं भरलेले. आई म्हणते आधी हात धू. धुतले. गठ्ठ्यात सुट्या प्रती, पातळ, गुळगुळीत, शाईचा वास अजून गेला नाही. वर नाव के. आर. शेळके. खाली पत्ता अंतरवाली सराटी, ता. अंबड. हॉस्टेल सुटणारच होतं म्हणून घरचा दिला होता. औरंगाबादला सरांनी नाक मुरडलं होतं, खेड्याचा पत्ता कोण देतं. मी देते.

दादांना त्यात फक्त गावाचं नाव बघायचं होतं. बोट ठेवून दाखवलं.

"बराबर लिवलंय का?"

"बरोबर लिहिलंय."

"मंग झालं."

प्रत खिशात घालून चौकात चहाला गेले आणि तणतणत परत आले. लोक म्हणे, मधात मध असतंय, त्यात बघायचं काय? पुन्हा सगळं समजावून सांगितलं. थेंबभर मधात ढीगभर परागकण असतात, प्रत्येक फुलाचा आकार वेगळा. सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की कळतं माश्या कुठं कुठं जाऊन आल्या. तुरीवर, करडईवर, बाभळीवर, लिंबावर. बारा महिन्यांचा मध तपासला की आपल्या शिवारात कधी काय फुलतं ते… दादा मधेच म्हणाले, "म्हंजी माशीच्या पायाची धूळ बघून राह्यल्ती तू दोन वर्सं." हो. आणि त्या धुळीच्या प्रत्येक कणाचं चित्र हातानं काढलं. चित्रं छान आलीत. माझं मीच म्हणते, दुसरं कोण म्हणणार.

२२ मार्च

जालन्याचं स्थळ येऊन गेलं. मुलगा पाटबंधारे खात्यात, अविनाश इंगळे. चष्मा. बाकीचे पोह्यांचं कौतुक करत होते, हा एकदम म्हणाला, "बाभळीचा पराग सुटा नसतो म्हणे, गठ्ठाच असतो?"

मी बघतच राहिले. "कुणी सांगितलं?"

"तुमच्या वडलांनी पेपर पाठवून दिल्ता. निम्मा समजला. चित्रं पूर्ण समजली."

आत आई उगाच खोकली. मी मान खाली घालून बसले होते खरी, पण हसू आवरेना. हा चालेल.

१७ मे, जालना

लग्न झालं परवा. आज पहिल्यांदा एकटी बसलेय.

ताटात तांदूळ पसरले, अ.नं अंगठीनं त्यात नाव लिहिलं. मी वाकून वाचायच्या आत गुरुजींनी मोठ्यानं सांगून टाकलं : मृणाल. मंडपात सगळे हसले, कुणी टाळ्या वाजवल्या. मला आधी कुणी विचारलं नव्हतं. विचारायची पद्धतच नाही. आईचंही असंच बदललं, काकूंचंही. आईचं माहेरचं नाव काय होतं ते मला त्या दिवशी कळलं, तेही मी खोदून विचारलं म्हणून. सोना. इतकी वर्षं माहीत नव्हतं.

निघताना दादा म्हणाले, "नाव ग्वाड हाय. पर माझ्या जिभेला न्हाई बसायचं, सांगून ठिवतो." आणि डोळे पुसायला मोटारीमागं गेले.

अ.ला विचारलं हेच का. म्हणाला, "तुझं सगळं झाडाझुडपांचं. म्हणून शब्दकोश काढून बसलो. मृणाल म्हंजे कमळाचा देठ."

"फूल नाही, देठ?"

"देठाशिवाय फूल कसं उभं राहील?"

गधडा. याच्यावर रागवायचं तरी कसं.

११ जुलै ८४

कॉलेजात रुजू झाले. पदवी कालिंदी शेळकेची, नोकरी मृणाल इंगळेला. प्राचार्यांनी लग्नपत्रिका फाइलला टोचून घेतली, म्हणाले पुरे. ऑफिसातले बाबू विचारतात, "एम. ए. इंगळे? एम. ए. कशात?" म्हटलं, एम. ए. हे नाव आहे, पदवी एम.एस्सी. आहे. दिवसभर हेच. अ. संध्याकाळी पाटी रंगवून आणायच्या गप्पा करत होता : एम. ए. इंगळे, एम.एस्सी., एक बायको. मारला उशीनं.

३ नोव्हेंबर ८५

दादा आले. एस.टी.नं, वडीगोद्रीला गाडी बदलून. पिशवीत तूर, काकड्या आणि पोष्टकार्डं. परदेशातली! पेपरची प्रत पाठवा म्हणून. एक हंगेरीचं, एक जपानचं, एक दिल्लीच्या डॉक्टरांचं : त्यांना दम्याच्या रोग्यांसाठी हवंय, कोणत्या महिन्यात हवेत काय उडतं ते. सगळी 'शेळके, अंतरवाली सराटी' अशी आलेली. आणि गावात शेळके म्हणजे अर्धं गाव!

हंगेरीचं कार्ड गेलं किसन राघू शेळकेंकडे. तोही के. आर.! त्यानं ते देव्हाऱ्याशेजारी लावून ठेवलं होतं. दादा मागायला गेले तर म्हणतो, "मला बलावून राह्यलेत. पासपोट काढावा लागन." दादांनी त्याला दोन तास समजावलं. शेवटी तिकीट त्याला, कार्ड आम्हाला, असं ठरलं. तिकिटाच्या जागी भोक आहे कार्डाला.

सगळ्या कार्डांवर 'डिअर डॉक्टर शेळके' किंवा 'डिअर सर'. मी डॉक्टर नाही, सर तर नाहीच नाही. पण कुठंतरी कुणीतरी वाचलंय. स्वयंपाक करताना मधेच हसू येत होतं. सासूबाई म्हणाल्या, "काय गं, बरी आहेस ना?" दिवस आहेत असं वाटलं त्यांना. म्हणजे आहेतच, पण हसण्याचं कारण ते नव्हतं.

१९ ऑगस्ट ८८

संताप. संताप. संताप.

दुसरा पेपर परत आला. जालना शहरातल्या हवेतले पराग. गौरीला पाळण्यात घालून, गच्चीवर काचपट्ट्या ठेवून दीड वर्ष केलेलं काम. ओळख पटवायला जुनी चित्रं वापरली, खाली नीट लिहिलं 'शेळके यांच्यावरून'. परीक्षक काय लिहितात : 'इंगळे यांनी शेळके यांच्या चित्रांचा फारच सढळ वापर केला आहे. शेळके यांची लेखी परवानगी जोडावी. तसेच शेळके यांचा मूळ लेख पुन्हा काळजीपूर्वक वाचावा. लेखकाला तो नीट समजलेला दिसत नाही.'

मला समजलेला दिसत नाही! मला!

भांड्यांचा आवाज ऐकून अ. आत आला. वाचलं. खाली बसून इतका हसला की चष्मा काढून पुसावा लागला. मग मीही.

"सरळ कळवून टाक ना, ती मीच म्हणून."

तसं लिहिलंही. पण वाचलं तर असं वाटलं की चोरी पकडल्यावर चोर म्हणतोय घर माझंच आहे. फाडलं. परवानगी हवी ना? देते परवानगी.

२८ ऑगस्ट, अंतरवाली

पत्र इथून टाकायचं, शिक्का इथला हवा म्हणून मुद्दाम आले. गौरी दादांच्या खांद्यावर. मी ओट्यावर बसून इंग्रजीत लिहितेय : सौ. इंगळे यांना माझी चित्रं वापरण्यास माझी हरकत नाही.

दादा म्हणाले, "कोनाला लिहून राह्यली?"

"परवानगी देतेय. माझी चित्रं वापरायची."

"कोनाला?"

"मलाच."

दादांनी गौरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "मंग इचार करून दे. अशी कोनालाबी देऊ नगं."

आई चुलीपाशी पदर तोंडाला लावून हसत होती. मी लिहिलं, 'तथापि त्यांनी काम काळजीपूर्वक करावे.' सही करायला गेले तर हात अडला. के-नंतर आर कसा वळायचा तेच आठवेना. पाच वर्षं केली नव्हती. पाटीवर तीनदा गिरवून मग कागदावर केली. आपलीच सही गिरवावी लागावी याचं बरंच वाईट वाटलं. कुणाला सांगितलं नाही.

५ मार्च ८९

छापला. एम. ए. इंगळे. आभार : के. आर. शेळके. अ.नं पेढे आणले आणि दोघींच्या नावानं दोन खाल्ले.

१२ सप्टेंबर ९४

प्रपाठक पदाची मुलाखत. पाच माणसं, एक लांब टेबल, थंड झालेला चहा. माझ्या कामाची यादी पुढ्यात. अध्यक्षांनी पहिल्याच ओळीवर पेन्सिल ठेवली.

"मॅडम, हा पेपर शेळक्यांचा आहे."

"ती मीच आहे, सर. लग्नाआधीचं नाव."

"आडनाव समजू शकतो. पण के. कुठे आणि एम. कुठे?"

"नावही बदललं. लग्नात."

"कागद?"

लग्नपत्रिका दिली. त्यांनी उलटसुलट पाहिली. चि. सौ. कां. कालिंदी, चि. अविनाश. "यात मृणाल कुठंय?"

कुठंच नाही. पत्रिका लग्नाआधी छापतात. मृणाल फक्त तांदळात लिहिली होती. तोंडावर आलं होतं, की सर, तो कागद नव्हता, तांदूळ होते, आणि कुणीतरी शिजवून खाल्ले. त्यांनी त्या ओळीवर रेघ मारली. बाहेरच्यांनी ज्याचा उल्लेख केलाय असा माझा तो एकच पेपर. डॉक्टर करतात, आता उत्खननवालेही करायला लागलेत, जुन्या मातीतले पराग ओळखायला. रेघ पेन्सिलीची होती. तरी लागली.

वाईट माणसं नव्हती. नियम तसा आहे. एकजण तर म्हणाले, "राजपत्रात जाहीर करून घ्या हो, पुढच्या वेळी अडचण नाही."

२० सप्टेंबर

सासूबाई म्हणाल्या, मन रमेल, चला राजूरच्या गणपतीला. गर्दी. अभिषेकाला बसलो. गुरुजी म्हणाले नाव सांगा. माझ्या तोंडून गेलं, कालिंदी. सासूबाई दचकल्या. "अगं, मृणाल. हिचं नाव मृणाल हाय, गुरुजी."

गुरुजी घाईत होते. "दोन बाया हायेत का? मंग दोघींचंबी घेतो." घेतली दोन्ही नावं. सासूबाईंनी परतताना गाडीत माझा हात हातात धरून ठेवला. त्यांचंही माहेरचं नाव असेलच. विचारायला हवं.

१४ ऑक्टोबर

वकिलाकडं गेलो. प्रतिज्ञापत्र तयार होतं, मसुदा ठरलेला असतो म्हणाला. वाचत गेले. शेवटचं वाक्य : यापुढे मी माझे पूर्वीचे नाव कोणत्याही कामासाठी वापरणार नाही व त्या नावाशी माझा संबंध राहणार नाही.

पेन खाली ठेवलं. म्हटलं, हे वाक्य काढा. वकील म्हणाला, हे काढलं तर मंग बदल कशाचा? त्याचंही बरोबर.

घरी अ. चिडला. क्वचित चिडतो. "एक सही हाय. सगळं सरळ होऊन जाईल. दहा वर्षं घासून राह्यली तू."

"तू कर की मग. अविनाशशी संबंध नाही म्हणून लिहून दे."

आत गेला. चहा करून आणला. कप ठेवताना म्हणाला, "नको करू." मला रडू आलं. चहात साखर नव्हती, विसरला होता. तसाच प्यायले.

जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. चांगला मुलगा आहे. माझाच विद्यार्थी.

३० जून ९८

कॉलेज सुरू. गेल्या वर्षी आई गेली, तेव्हापासून इथं काही लिहिलंच नाही. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही, पेन उचलावंसं वाटलं नाही. पेपर मात्र लिहिले. सूर्यफुलावर, गाजरगवतावर. कुणी बघितले की नाही कोण जाणे. पोष्टकार्डं अजून येतात, कमी झाली. सगळी शेळकेला. दादा आता स्वतः येत नाहीत, ओळखीच्या माणसाबरोबर पाठवतात. सोबत निरोप : "कालिंदीला म्हनावं, टपाल येऊन राह्यलंय तोवर मला उठायला कारन हाय."

१६ फेब्रुवारी २००१, अंतरवाली

दादांचा तेरावा झाला.

भाऊ ताई म्हणतो. वहिनी वन्सं म्हणते. गौरी आई. कॉलेजात मॅडम. अ. मृणाल, कधी अगं. आज दुपारी मोकळ्या अंगणात बसले होते तेव्हा लक्षात आलं, मला कालिंदी म्हणणारं आता कुणी नाही. दादांनी शब्द पाळला. शेवटपर्यंत त्यांच्या जिभेला मृणाल बसलं नाही.

म्हणजे आता ते नाव घेतात ते फक्त अनोळखी लोक. कुठल्या तरी गावचा डॉक्टर, कुठला उत्खननवाला. 'शेळके यांनी दाखवल्याप्रमाणे.' ओळखत नाहीत, पण घेतात. त्यांचे आभार मानावेसे वाटले. वेडेपणा आहे. पण वाटलं.

१ नोव्हेंबर २००३

गौरी इंजिनीरिंगच्या सुटीत घरी. ओढून नेलं मला स्टेशन रोडच्या इंटरनेटच्या दुकानात. दोन खुर्च्या, मधे पडदा, शेजारी कुणीतरी मोठ्यानं गाणी लावलेली. "आई, तुझं नाव टाकून बघू."

इंगळे एम. ए. टाकलं. थोडंसं आलं. तेही एकात माझ्याऐवजी 'इंगोले'.

मग ती म्हणाली, "आता आजोबांच्या कालिंदीचं." शेळके के. आर. संगणकाचा पडदा भरला. खाली सरकवत गेली. दम्याचे डॉक्टर, त्वचेचे डॉक्टर, मधमाश्यांचे लोक, भेसळ तपासणारे, उत्खननवाले, आणि एकजण चक्क भाषेवाला, कारण मी झाडांची गावातली नावं दिली होती. माझ्या आयुष्यात मी ज्या विषयांच्या दारात उभी राहिले नाही तिथं ही बाई आत जाऊन बसलीय.

गंमत म्हणजे पुष्कळांनी गावाचं नाव 'अंतरवाडी' लिहिलंय. एकानं चूक केली आणि पुढच्यांनी त्याच्यावरून उतरवली. म्हणजे पेपर न बघताच! यांना दादांपुढं उभं करायला हवं होतं.

गौरी हसत म्हणाली, "शेळकेबाई तुझ्या फार पुढं गेल्यात."

मी हसले. पण घरी येऊन खरं सांगायचं तर झोंबलं. तेविशीतली पोर, एक पेपर लिहून गेली. मी वीस वर्षं मागून घासतेय, आणि माझा ८९चा तिच्याहून पक्का आहे, शंभरदा सांगेन. तिच्या मे महिन्याच्या नोंदीत लिंब आणि त्याच्यासारखाच दिसणारा बकाण यांची गल्लत आहे. मला माहीत आहे कारण मीच केली. ती चूक मी ८९मधे दुरुस्त केली. दुरुस्ती कुणी वाचत नाही. सगळे चुकीसकट तिचंच सांगतात.

गौरीनं विचारलं, "आई, तुला तिचा राग येतो का गं?"

"येतो थोडा."

"आणि?"

"आणि फार आवडते ती मला. किती मन लावून काढलीत चित्रं."

गौरीनं डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं.

८ जून २००४

पत्र, कोचीनहून, कुणा डॉ. नायर. परागांवर भारतात ज्यांनी ज्यांनी काम केलं त्यांची सूची करताहेत, पुस्तक निघणार. 'के. आर. शेळके यांच्याविषयी काही माहिती मिळत नाही. एका पेपरनंतर त्यांचं काहीच नाही. त्या निवर्तल्या असाव्यात असं काहीजण म्हणतात. तुम्ही त्यांच्या परवानगीनं चित्रं वापरली होती, म्हणून तुम्हाला ठाऊक असेल. त्या हयात आहेत का?'

अ.ला वाचून दाखवलं. या खेपेला हसला नाही. चष्मा काढून बराच वेळ हातात धरून बसला.

मी लगेच उत्तर लिहिलं. शेळके हयात आहेत. जालन्यात राहतात, कॉलेजात शिकवतात, गुडघे दुखतात. त्याच इंगळे. शेवटी घरचा फोन नंबर.

२ जुलै

डॉ. नायरचं उत्तर. फार आनंद झालाय त्यांना. पण सूचीचा नियम, एका माणसाची नोंद एकाच नावाखाली. सगळं काम तिथं. दुसऱ्या नावासमोर फक्त एक शब्द : पाहा. 'मुख्य नोंद कुठल्या नावाची ठेवू? आपण सांगाल तसं.'

अ. म्हणतो हे छापलं की विद्यापीठाला पुरावा. निवृत्तीला अजून वर्षं आहेत, प्रपाठकाची जागा पुन्हा निघेल. इंगळे मुख्य ठेवलं तर ऑफिसातली फाइल आणि पुस्तक जुळतं, शेळकेचं सगळं यश इंगळेच्या खाती. सगळं सरळ.

मग मी का लिहीत नाही?

४ जुलै

दोन चिठ्ठ्या करून टेबलावर ठेवल्यात.

शेळके, के. आर. — पाहा : इंगळे, एम. ए.

इंगळे, एम. ए. — पाहा : शेळके, के. आर.

पहिलीत ती पोर नुसती दाराशी उभी आणि लोकांना सांगतेय, आत जा, मी नाही, त्या बघा. दुसरीत मी. वीस वर्षं शिकवलं, गौरीला वाढवलं, सासूबाईंचं शेवटचं केलं, आणि मी दाराशी उभी. कोणाला बाहेर ठेवू?

अ. चिठ्ठ्या बघून गेला. जेवताना म्हणाला, "मी लिहिलं होतं म्हणून ते नाव ठेवू नको."

"तुझं म्हणून नाही. आता माझं झालंय ते. हाक मारली की वळते मी."

"आणि दुसरं?"

"तेही माझंच. पण त्याला हाकच नाही कुठून."

त्यानं भात वाढून घेतला, मलाही वाढला. रागावलाय का विचारलं. मान हलवली. डोळे भरले होते, मिरची म्हणाला. मिरची कुठली, दहीभात होता.

११ जुलै

अजून पाठवलं नाही. गौरीला फोन केला. तिचं सोपं : "दोन्ही नावं एकत्र लिहा म्हण त्यांना." विचारलंय. डॉ. नायरनी कळवलं, नियमात बसत नाही. ती रागावली, मी तर लग्नात नाव अजिबात बदलणार नाही, आडनावही नाही. म्हटलं, कुणाशी ठरवलंस का? फोन ठेवला तिनं. काहीतरी आहे.

१८ जुलै, रविवार

सकाळी मेथी निवडत होते स्वयंपाकघरात. फोन वाजला, अ.नं उचलला. "हां जी… हां जी… कौन?" मला वाटलं राँग नंबर. नंबर कळवल्यापासून एक-दोनदा असं झालं होतं, कुणी शेळके म्हणून विचारलं की तो सवयीनं नाही म्हणून ठेवायचा, आणि मग हळहळायचा.

या वेळी ठेवला नाही. मला आतून ऐकू आलं, घसा खाकरला त्यानं. आणि मोठ्यानं, घरभर, शेजारच्यांना ऐकू जाईल असं :

"कालिंदी! फोन आलाय गं तुझा."

एकवीस वर्षांत त्याच्या तोंडून पहिल्यांदा. थोडं अडखळला 'लिं'वर. माझ्या हातातली मेथी खाली पडली. मी कधी उठले, कधी बाहेर आले, कळलं नाही, गुडघ्यांनीही तक्रार केली नाही. तो रिसीव्हर छातीशी धरून उभा होता. हात पुसून घेतला मी, तर त्यानं माझ्या केसांना लागलेलं मेथीचं पान काढलं.

डॉ. नायर होत्या. आवाज म्हातारा, फार गोड. कालिंदी शेळके बोलताय ना, म्हणाल्या. हो म्हटलं. छपाई सुरू व्हायची आहे, म्हणाल्या, मग सांगा, कुठल्या नावाखाली लिहू?

मी म्हटलं, जरा थांबाल का? मी आत्ताच आलेय.

सावकाश, म्हणाल्या. महिनाअखेरपर्यंत वेळ आहे.